घटकाभर उतरविलेले ओझे

मोठे संकट माणसावर एकदम कोसळते. त्या वेळी नातेवाईक धावून येतात, शेजारी पाठीशी उभे राहतात आणि माणूस स्वतःही कुठून तरी बळ एकवटतो. त्याला खरे थकविते ते संकट ओसरल्यानंतरचे रोजचे जिणे. औषधांच्या वेळा, दवाखान्याच्या फेऱ्या, बँकेची कागदपत्रे, अर्धवट झोप, न आलेले नळाचे पाणी, ऐन घाईत संपलेला गॅस! यांपैकी एकही गोष्ट अशी नसते की, जिच्यासाठी कुणाजवळ रडावे. परंतु थेंबाथेंबाने रांजण भरावा तशा त्या मनात साठत जातात. "काय झाले?" असे कुणी आपुलकीने विचारले, तर "काही नाही" एवढेच उत्तर देता येते, कारण सांगण्याजोगे खरोखरच काही घडलेले नसते.

माझी गेली पाच वर्षे या 'काही नाही'ने व्यापलेली आहेत. आम्ही मूळचे वसईकडचे. यजमानांच्या रेल्वेतील नोकरीमुळे वर्ध्यास आलो आणि निवृत्तीनंतर येथेच राहिलो. निवृत्तीला वर्षही झाले नव्हते, तोच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, वाचा अडखळू लागली. प्राण वाचले, ही परमेश्वराची कृपा. मुलगा परदेशी असतो. तो पैसे पाठवितो, रोज न चुकता फोन करतो. पण फोनवरून वडिलांना कुशीवर वळविता येत नाही. ते काम माझे.

अशा घरी भेटावयास येणारी मंडळी एक सल्ला हमखास देतात, "छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा." सल्ला चांगला आहे आणि देणाऱ्यांचा हेतूही चांगला असतो. परंतु दोन्ही हातांत ओझे घेऊन चाललेल्या माणसाला वाटेवरची फुले वेचावयास सांगावे, तसे ते होते. फुले कितीही सुंदर असली, तरी ती वेचण्यासाठी एक हात मोकळा हवा. तो कसा मोकळा करावा, हे मात्र कुणी सांगत नाही. मला ते एका भाजीवाल्या बाईने दाखविले.

ही बाई देवळीकडच्या एका खेड्यातून सकाळच्या एस.टी.ने शहरात येते. डोक्यावर भाजीचे भलेमोठे टोपले असते. दारापुढे आली की तिची पहिली हाक भाजीची नसते. "काकू, टोपलं उतरवू लागा जी!" अशी ती हाक असते. भरलेले टोपले एकट्याने डोक्यावरून उतरविता येत नाही आणि एकट्याने पुन्हा चढविताही येत नाही. दोन्ही वेळा दुसऱ्याचा हात लागतो. टोपले खाली आले की ती पायरीवर बसते, पदराने तोंड पुसते, माठातले पाणी मागून घेते, डोक्यावरची चुंबळ सोडून पुन्हा नीट वळते. दोन-चार गोष्टी सांगते, मोकळेपणी हसते. सारे मिळून पाच-सात मिनिटे. मग म्हणते, "चला, लावा हात." उचलताना टोपले जवळजवळ तेवढेच जड असते, मेथीची एखादी जुडी तेवढी कमी झालेली असते. पण तिची मान सरळ झालेली असते आणि ती पुढच्या दारी ताज्या आवाजात हाक देते.

या बाईशी आमच्या घरातील एक जुना विनोद निगडित आहे. विदर्भात कोथिंबिरीला 'सांबार' म्हणतात, हे आमच्या वसईकडच्या कानांना कोठून ठाऊक असणार? आम्ही वर्ध्यास नवे होतो तेव्हा एकदा हिने "सांबार देऊ का?" असे विचारले आणि आमचे यजमान मोठ्या तत्परतेने आतून पातेले घेऊन आले! पुढे कितीतरी दिवस आमच्याकडे त्यावरून हसू चाले. नंतर आजारपण आले आणि तो विनोद कुठल्या कुठे विसरला गेला. आजारपणाच्या चौथ्या की पाचव्या महिन्यात एका सकाळी बाईने दारातून नेहमीसारखी विचारणा केली, "काकू, सांबार पाहिजे काय?" तोच आतल्या खाटेवरून एकेक अक्षर जोडत, मोठ्या कष्टाने आलेले शब्द ऐकू आले, "भांडे... आण... पातेले..." मी आणि ती बाई क्षणभर एकमेकींकडे पाहतच राहिलो आणि मग तिघेही असे हसलो की, शेजारच्या काकू डोकावून पाहू लागल्या. आजारपणानंतर त्यांनी स्वतःहून बोललेले ते पहिले वाक्य होते. आणि ते औषधाचे नव्हते, दुखण्याचे नव्हते, थट्टेचे होते.

ते हसू अर्ध्या मिनिटाचे. त्याने त्या दिवसाचे एकही काम कमी झाले नाही. परंतु रात्री दिवा मालविताना माझ्या ध्यानात आले की, आज मान अवघडलेली नाही. सकाळी कुणी तरी माझे टोपले उतरवू लागले होते.

ओझे असे घटकाभर उतरविण्याचा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर करून पाहणारा एक थोर पुरुष याच जिल्ह्यात होऊन गेला, हे मला पुढे कळले. १९३८ साली विनोबा भावे यांची प्रकृती अतिशय ढासळली होती. वजन ८८ पौंडांवर, म्हणजे चाळीस किलोवर आले होते. वर्ध्यालगतच्या नालवाडीत राहून ते अहोरात्र काम करीत होते. गांधीजींनी त्यांना विश्रांती घेण्याचा आग्रह केला आणि त्याबरोबर कामाची चिंताही मागे ठेवून जाण्यास सांगितले. पवनार येथे धाम नदीच्या काठी एका टेकाडावर जमनालाल बजाज यांचा बंगला होता. तेथे जाण्यासाठी निघालेली मोटार धाम नदीच्या पुलावरून जात असताना, आपण सारे सोडले आहे, असा संकल्प विनोबांनी तीन वेळा उच्चारला. संस्थेची काळजी, कामाची काळजी, प्रकृतीची काळजी, सारी त्यांनी पुलाच्या अलीकडे ठेवली.

पुढची हकिकत मला अधिक मोलाची वाटते. पवनारला ते नुसते पडून राहिले नाहीत. ते शेतात खोदू लागले. पहिल्या दिवशी काही मिनिटेच; मग रोज थोडे थोडे वाढवीत. मध्येच थांबावे, श्वास घ्यावा, पुन्हा कुदळ मारावी. मोकळी हवा, माती, बेताचे श्रम आणि नियमित आहार, एवढेच त्यांचे औषध. दहा महिन्यांत त्यांचे वजन ४० पौंडांनी वाढले. याच खोदकामात त्यांना भरत-राम भेटीचे एक प्राचीन शिल्प सापडले. १९५९ साली तेथे भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली आणि आज ते शिल्प त्या आश्रमात पाहावयास मिळते.

विनोबांनी सोडलेले ओझे कायमचे सोडले होते काय? मुळीच नाही. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून ते याच पवनारहून तुरुंगात गेले. १९५१ साली भूदानाचे काम त्यांनी शिरावर घेतले आणि पुढे वर्षानुवर्षे पायी देश पालथा घातला. म्हणजे टोपले त्यांनी उतरविले ते टाकून देण्यासाठी नव्हे, तर पुन्हा उचलता यावे म्हणून. आपण विश्रांतीला आळस समजतो आणि आनंदाला चैन समजतो. विशेषतः घरात आजारी माणूस असताना बाईने घटकाभर हसणे-बसणे हे आपल्याकडे शोभून दिसत नाही. ज्यांच्या कर्तव्यनिष्ठेविषयी कुणी शंका घेणार नाही, अशा माणसाने दहा महिने माती खोदण्यात घालविले, हे अशा वेळी आठवावे.

यजमानांना व्यायाम शिकविणारी मुलगीही मिनिटांचाच हिशेब ठेवीत असे. "आज काकांनी तीन मिनिटं उभं राहायचं. परवा चार." मी मनाशी म्हटले, यांच्या पायांसाठी जो हिशेब, तोच माझ्या मनासाठी का नसावा? यांना बळ येण्यासाठी तीन मिनिटे उभे राहावे लागते, तर मला बळ येण्यासाठी तीन मिनिटे बसावे लागेल. त्या दिवसापासून दुपारच्या औषधानंतर मी अंगणातल्या कडुनिंबाखाली बसू लागले. हातात काम नाही, फोन नाही, जपमाळही नाही. तिची वेळ निराळी. आरंभी तीन मिनिटेही संपता संपत नसत. उठून काही तरी करावे, असे वाटे. आठवडाभराने निंबावर येणारी खार ओळखीची झाली. चैत्रात निंबाला मोहर आला, तेव्हा त्याचा मंद, कडवट-गोड वास पाच मिनिटे पुरला.

पवनारपासून सेवाग्राम फार दूर नाही. १९३६ सालापासून गांधीजी तेथे राहात होते. जून १९४२ मध्ये लुई फिशर हे अमेरिकन पत्रकार आठवडाभर त्यांच्याकडे मुक्कामाला होते. तो काळ काय होता, हे आपण इतिहासात वाचले आहे. महायुद्ध भारताच्या दाराशी आले होते, क्रिप्स यांची बोलणी फिसकटली होती आणि 'भारत छोडो'चा ठराव अवघ्या दोन महिन्यांवर आला होता. त्यात वर्ध्याचा उन्हाळा! येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे वसईच्या वाऱ्यात वाढलेल्या माणसाला सांगूनही पटणार नाही. फिशरसाहेबांनी त्यावर जी युक्ती काढली, ती वाचून मला फार मौज वाटली. त्यांनी पत्र्याच्या टबात पाणी भरले, त्यात लाकडी खोके ठेवून त्यावर बैठक मारली, टबाबाहेर दुसऱ्या खोक्यावर टंकलेखनयंत्र मांडले आणि अधूनमधून वाडग्याने अंगावर पाणी ओतून घेत आपली टिपणे लिहून काढली! जगातील एका मोठ्या घडामोडीची नोंद अशी पाण्यात बसून झाली.

गांधीजींविषयी लिहिताना त्यांचे हसणे आणि त्यांची थट्टामस्करी फिशर यांनी आवर्जून नोंदविली आहे. देशाची चिंता शिरावर असतानाही गांधीजींचे सायंकाळचे फिरणे ठरलेल्या वेळी होत असे. दोन्ही बाजूंच्या तरुण मंडळींच्या खांद्यांवर हात टाकून, गप्पा मारीत ते चालत. त्यांच्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर शोभेसाठी म्हणून जवळजवळ काही नव्हते. होते ते येशू ख्रिस्ताचे एक साधे चित्र आणि त्याखाली शांतीविषयीची एक ओळ. आपल्या घरी भिंतीभर तसबिरी असतात. त्यांपैकी एकीकडे तरी दिवसातून एकदा थांबून पाहावे, असे हे वाचल्यापासून मला वाटू लागले.

फिशरसाहेबांच्या टबाने आमच्याकडे एक नवा रिवाज सुरू केला. उन्हाळ्यात संध्याकाळी अंगण पाण्याने भिजविण्याची येथे रीतच आहे. ते काम मी यजमानांकडे सोपविले. खुर्चीत बसून डाव्या हातात नळी धरायची आणि त्यावर उजवा हात ठेवायचा. पहिल्या दिवशी निम्मे पाणी माझ्या अंगावर आले. तापलेल्या मातीवर पाणी पडून जो वास सुटतो, त्याला अत्तराची उपमा देऊ नये. अत्तर विकत मिळते. तो वास आला की दोघेही काही न बोलता बसून राहतो. अलीकडे उजवी बोटे नळीभोवती किंचित वळू लागली आहेत. आठवड्यातून एकदा, डॉक्टरांना विचारून, चहाबरोबर एक गोरसपाक निम्मा-निम्मा खातो. वर्ध्याच्या गोरस भांडाराचा, गाईच्या तुपातला हा खुसखुशीत पदार्थ चहात किती वेळ बुडवावा, याविषयी आमचा पस्तीस वर्षांच्या संसाराला साजेसा मतभेद आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. छोट्या आनंदाने मोठे प्रश्न सुटतात, असा माझा दावा नाही. हा जिल्हा कापसाचा आहे आणि कर्जाने खचलेल्या शेतकऱ्यांचे दुःख त्याने जवळून पाहिले आहे. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदतीची घोषणा केली, त्यांत वर्धा होता. ज्या घरातील कर्ता पुरुष कर्जापायी गेला, त्या घरी जाऊन "निंबाखाली बसा" असे सांगणे हा निष्ठुरपणा होईल. त्या घराला रास्त भाव हवा, वेळेवर कर्ज हवे, पाणी हवे. ते न देता आनंदाचा उपदेश करणाऱ्याने गप्प बसावे, हे बरे.

परंतु याविषयीचा शेवटचा शब्द मी त्या भाजीवाल्या बाईकडून ऐकला आहे. तिच्या घरची शेती कापसाचीच. एका वर्षी बोंडअळीने पीक खाल्ले. त्या दिवसांतही ती पायरीवर बसली की पूर्वीसारखी हसे. मी विचारले, "एवढे कर्ज डोक्यावर असताना हसू येते कसे, बाई?" ती चुंबळ वळता वळता म्हणाली, "हासल्यानं कर्ज नाही फिटत काकू. पण न हासल्यानं बी नाही फिटत."

या पाच वर्षांत छोट्या आनंदाच्या तीन अटी मला कळल्या. पहिली अट अशी की, त्याला ठरलेली वेळ लागते. सवड मिळाल्यावर बसू म्हटले, तर सवड कधीच मिळत नाही. औषधाची वेळ असते, तशी त्याचीही असावी लागते. दुसरी अट अशी की, तो छोटाच राहिला पाहिजे. सहल ठरविली, पाहुणे बोलावले, फराळ मांडला की आनंदाचेच ओझे होते. आणि त्यात आपण जागे असले पाहिजे. मोबाईलच्या पडद्यावर तासभर बोट फिरविले, तरी उठताना मान अवघडलेलीच राहते. तिसरी अट सर्वांत अवघड. त्याला दुसऱ्याचा हात लागतो. भरलेले टोपले एकट्याने उतरत नाही.

मला तो हात मिळाला. आमच्या येथील चर्चमध्ये येणाऱ्या एका भगिनीने दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी घरी येऊन सांगितले, "तासाभरासाठी मी यांच्याजवळ बसते. तुम्ही जाऊन या." कुठे, ते तिने विचारले नाही. मी रिक्षा करून पवनारला गेले. धाम नदीच्या पात्रात खडकांवर छत्र्या आहेत. १९४८ साली याच नदीत गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले होते. पावसाळा नुकताच सरला होता आणि खडकांवरून पाणी खळाळत होते. मी पाय पाण्यात सोडून बसले. प्रार्थना केली नाही, योजना आखल्या नाहीत, रडलेही नाही. घरी परतले तेव्हा ती भगिनी यजमानांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत होती आणि तेही कान देऊन ऐकत होते. त्यांनाही माझ्यापासून तासभर सुटका हवी असेल, हे तेव्हा ध्यानात आले! तेव्हापासून तिचा तो शनिवारचा तास क्वचितच चुकला आहे.

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या धर्मग्रामात असे एक तरी घर असते. तेथे कुणी अंथरुणाला खिळलेले असते आणि कुणी तरी त्याच्या उशाशी वर्षानुवर्षे जागत असते. आजारी माणसाची विचारपूस सारे करतात, जागणाऱ्याला "कसे चालले आहे?" असे विचारले, तर उत्तर "काही नाही, ठीक आहे" असेच येईल. त्या उत्तरावर विश्वास ठेवून परत फिरू नये. त्या घरी जाताना फळे नेली नाहीत तरी चालेल, उपदेश तर मुळीच नेऊ नये. आपला एक तास न्यावा. आजाऱ्याजवळ बसावे आणि त्या माऊलीला म्हणावे, "तुम्ही जाऊन या." ती कदाचित नदीवर जाईल, कदाचित बाजारात दोन गजरे घेईल, कदाचित शेजारच्या खोलीत नुसतीच पडून राहील. तासाभराने ती परत येईल आणि आपण होऊन म्हणेल, "चला, लावा हात."